घरातला खटला, बाहेरची चर्चा : एक प्रस्तावना

'या प्रकरणाची सुनावणी इन कॅमेरा होणार' असे वर्तमानपत्रात वाचले की पुष्कळांना वाटते, आता कोर्टात कॅमेरे लागणार आणि सगळ्याचे चित्रण होणार. विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी या शब्दाचा अर्थ दरवर्षी विचारते, आणि दरवर्षी निम्मा वर्ग हेच उत्तर देतो. अर्थ नेमका उलटा आहे. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. इन कॅमेरा सुनावणी म्हणजे दार लावून घेतलेल्या खोलीतली सुनावणी. आत फक्त न्यायाधीश, पक्षकार, त्यांचे वकील आणि आवश्यक तेवढे कर्मचारी असतात. छायाचित्रणाच्या यंत्राला हे नाव मिळाले ते 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधाऱ्या खोलीवरून. तिच्या भिंतीतल्या बारीक भोकातून बाहेरचे दृश्य आत समोरच्या भिंतीवर उलटे उमटत असे. पुढे त्या खोलीची पेटी झाली, पेटीचे यंत्र झाले आणि ते यंत्र आज बंद खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात असते. वर्गातले चुकीचे उत्तर मी आताशा हसण्यावारी नेत नाही, ते याच कारणाने.

न्यायालयात गेलेल्या कौटुंबिक वादांची चर्चा चारचौघांत, आणि आता ऑनलाइन, कशी करावी व त्या कुटुंबाची आब कशी राखावी, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. तो आपला नाही असे वाचकांना वाटू शकते. तुम्ही वकील नसाल, तुमच्या घरात खटला नसेल, आणि तसा तो कधी नसावा हीच सदिच्छा. पण पोटगीच्या एखाद्या निकालाची बातमी तुम्ही कोणाला तरी पुढे पाठवली असेल, नातलगाच्या घटस्फोटाविषयी कुटुंबाच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या असतील, निदान लग्न ठरवताना समोरच्या स्थळाचे नाव शोधयंत्रात घालून पाहिले असेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणत आलो. दुसऱ्याच्या कोर्टाची पायरी मात्र आपण सगळेच घरबसल्या चढतो आहोत. म्हणून या विषयाची दारे कायद्याच्या विद्यार्थ्यांइतकीच इतरांनाही उघडी असावीत, असे मला वाटते.

सुरुवात कुठून करावी, असे विचारले तर मी मुंबईच्या गिरगावाकडे बोट दाखवेन, आणि 1884 सालाकडे. दादाजी भिकाजी यांनी त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की अकराव्या वर्षी आपल्याशी लग्न झालेली रखमाबाई नांदायला येत नाही, तिला यायला लावावे. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर 1885 मध्ये दावा फेटाळला. त्यावर अपील झाले, प्रकरण पुन्हा सुनावणीला आले, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला : महिन्याभरात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी आपण कैद पत्करू असे कळवले. अखेर 1888 मध्ये तडजोड झाली आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. ही हकीकत मराठी वाचकाला नवी नाही. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे, चित्रपटही निघाला आहे.

तरीही हा खटला आपल्या विषयाच्या बाजूने पुन्हा वाचून पाहा. त्या तीन-चार वर्षांत एका कुटुंबाचे काय उघड्यावर आले नाही? आईचा पुनर्विवाह, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे घर, आईकडून मुलीला आलेली मालमत्ता, नवऱ्याची प्रकृती, त्याचे शिक्षण, त्याची मिळकत. कोर्टात हे बोलले गेलेच. बाहेर इंग्रजी आणि देशी वर्तमानपत्रांनी बाजू घेतल्या, टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंविरुद्ध रान उठवले. दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली आणि रखमाबाईंनी तिला छापील उत्तर दिले. आजच्या भाषेत ज्याला आपण व्हायरल म्हणतो, ते खिळे जुळवून छापायच्या काळात घडले होते.

आणि याच खटल्यात दुसरी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे मी त्याला या अभ्यासाचा उंबरठा मानते. दावा चालू असताना, जून 1885 मध्ये, टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक पत्र आले. खाली सही होती 'ए हिंदू लेडी'. ते पत्र रखमाबाईंचे होते. म्हणजे ज्या बाईच्या घराची लक्तरे वर्तमानपत्रे वेशीवर टांगत होती, तीच बाई त्याच वर्तमानपत्रातून बोलत होती, पण आपल्या अटींवर. प्रश्न सगळ्या बायकांचा म्हणून मांडला आणि नाव मागे ठेवले. पुढे नाव उघड झाले तेव्हा त्यांनी ते नाकारलेही नाही. कौटुंबिक खासगीपणा म्हणजे गप्प बसणे असा अर्थ कोणी काढू लागला, तर त्याच्यापुढे मी हे पत्र ठेवते. खासगीपणा म्हणजे आपल्या आयुष्यातले काय, किती आणि कोणत्या नावाने सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार. तो रखमाबाईंनी वापरला. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या इतरांनी मात्र त्यांचा तो अधिकार मानला नाही.

याच्या समोर दुसरे तत्त्व उभे आहे, आणि ते तितकेच आदरणीय आहे : न्याय उघड्यावर व्हावा. बंद दाराआड दिलेल्या निकालावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि न्यायाधीशावर कोणाची नजर राहत नाही. गंमत अशी, की या तत्त्वाचा जो निकाल जगभर उद्धृत होतो, तो एका बिघडलेल्या लग्नातूनच आला. इंग्लंडमध्ये एका बाईने आपले लग्न रद्द ठरवण्यासाठी अर्ज केला, सुनावणी बंद खोलीत झाली, आणि नंतर तिने कामकाजाची लेखी नक्कल मिळवून नवऱ्याचे वडील, बहीण आणि आणखी एका व्यक्तीला पाठवली. आपल्याविषयी जे पसरवले जात होते ते खोटे आहे, हे तिला दाखवायचे होते. खालच्या न्यायालयांनी हा अवमान ठरवला. 1913 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला, आणि लाज वाटण्यासारखा विषय आहे एवढ्यावर कोर्टाचे दार लावता येत नाही असे सांगितले. आज घटस्फोटाच्या कागदाचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवणारी सून आणि ती बाई यांच्यात, साधन सोडले तर, मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न मुंबईतून दिल्लीला गेला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांवर मुंबई उच्च न्यायालयात बदनामीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने विनंती केली, की आपली साक्ष छापून आली तर धंद्याला फटका बसतो, आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करू नये असा तोंडी आदेश दिला. साप्ताहिकाचे वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 1966 मध्ये निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहिला : उघडी सुनावणी हा नियम, पण न्यायासाठीच गरज पडली तर ती बंद करण्याचा किंवा प्रसिद्धी रोखण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. वाचकांनी दोन्ही मते सलग वाचावीत. मी पंचवीस वर्षे ती वाचते आहे आणि कोणत्या बाजूला आहे, हे दरवेळी नव्याने ठरवावे लागते.

या दोन तत्त्वांतून वाट काढताना कायद्याने केलेले एक वळण नवख्या वाचकाच्या नजरेतून सहसा निसटते, म्हणून इथे थोडे थांबते. इंग्लंडने 1926 साली एक कायदा केला. उच्चभ्रूंच्या घटस्फोटांतले शय्यागृहापर्यंतचे तपशील छापून वर्तमानपत्रे खप वाढवत होती, त्याला तो आवर होता. त्या कायद्याने पक्षकारांची नावे, पत्ते, व्यवसाय छापायला मुभा दिली आणि साक्षीतले तपशील छापायला मनाई केली. म्हणजे नाव सांगा, गोष्ट सांगू नका. आज त्याच देशात उलटी रीत रुळते आहे. 2023 मध्ये लीड्स, कार्डिफ आणि कार्लाइल येथे प्रयोग झाला आणि जानेवारी 2025 पासून इंग्लंड-वेल्समधल्या कौटुंबिक न्यायालयांतून पत्रकारांना मुलांच्या प्रकरणांचे वार्तांकन करता येते, अट एवढीच की कुटुंबाची ओळख कळता कामा नये. ऑस्ट्रेलियातली कौटुंबिक न्यायालये तर निकालपत्रच टोपणनावाने प्रसिद्ध करतात. गोष्ट सांगा, नाव सांगू नका. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. सिडनीतल्या भाचीच्या खटल्याविषयी सांगलीच्या मामाने नावानिशी लिहिलेला मजकूर तिकडे वाचला जातो, आणि निस्तरावे लागते ते भाचीला.

आता आपला कायदा. वाचकांनी हिंदू विवाह कायद्याचे कलम 22 आधी पाहावे. कायदा 1955 चा, रखमाबाईही त्याच वर्षी वारल्या. मूळ कलमात दार लावणे पक्षकाराच्या इच्छेवर किंवा न्यायालयाच्या मर्जीवर होते. 1976 च्या दुरुस्तीने ते सक्तीचे झाले. या कायद्याखालचे प्रत्येक कामकाज बंद खोलीत चालेल, आणि त्यासंबंधीचा कोणताही मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदा आहे. अपवाद उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा, तोही न्यायालयाची आधी परवानगी घेऊन. उल्लंघनाला शिक्षा किती? एक हजार रुपयांपर्यंत दंड. आकडा तेवढाच राहिला आहे. कायद्याने दाराला कडी लावली, पण ती सुतळीची. विशेष विवाह कायद्यात आणि पारशी विवाह कायद्यातही अशी तरतूद आहे. ख्रिस्ती घटस्फोटाचा 1869 चा कायदा दार लावायचे की नाही हे न्यायालयावर सोपवतो. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार एका पक्षकाराने मागितले तरी सुनावणी बंद करावी लागते. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही, तिथे कौटुंबिक कायद्याची चौकट पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आहे. त्यामुळे कलम 22 चा हवाला पणजीत देण्याआधी दोनदा विचार करावा.

कलमांची ही यादी पाठ करण्याची गरज नाही. पण एकच भांडण एकाच वेळी किती दारांतून जाते, हे समजून घेण्याची आहे. समजा, एक जोडपे विभक्त झाले. घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात, बंद खोलीत. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे, तिथे कोणी मागितले आणि दंडाधिकाऱ्यांना पटले तरच बंद खोली. आणि विवाहितेच्या छळाचा फौजदारी खटला? तो चारचौघांसमोर, उघड्या कोर्टात. शिवाय 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळायची आहेत, पण त्या यादीत विवाहितेच्या छळाचे नाव नाही. परिणामी नवरा-बायकोने बंद खोलीत एकमेकांवर केलेले आरोप तीन मजले खाली उघड्यावर असू शकतात, सासूच्या वयासकट आणि घराच्या पत्त्यासकट. 'खासगी ठेवा' असे कोणी म्हणाले, तर नेमके कोणते दार लावायचे आहे, हे तुम्ही आधी विचारा.

न्यायव्यवस्था स्वतःही नकळत बरेच बोलते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात मी उमेदीची काही वर्षे काढली. सकाळी दालनाबाहेर बोर्ड लागलेला असे, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, दोन्ही बाजूंच्या नावांसह. मग शिपाई दारात येऊन पुकारा करी. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळा मजला ऐकेल अशा आवाजात. आत सुनावणी बंद खोलीत! जोडीदाराचा पत्ता सापडत नसेल तर न्यायालय वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावते. ती नोटीस पूर्वी रद्दीत जायची, आता ई-पेपरात राहते. घटस्फोटानंतर बाई माहेरचे नाव पुन्हा घेते, तेव्हा राजपत्रात जुने नाव आणि नवे नाव शेजारीशेजारी छापून येतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. कागदाच्या काळात या सगळ्याला एक नैसर्गिक आडोसा होता : बोर्ड पाहायला वांद्र्याला यावे लागे, नक्कल काढायला अर्ज, शुल्क आणि दोन हेलपाटे लागत. ई-कोर्ट सेवेमुळे हेलपाटे वाचले, आणि पक्षकारांसाठी ती मोठीच सोय आहे. तारीख कळण्यासाठी साताऱ्याहून पुण्याला येणारी म्हातारी आता फोनवर रोजनामा पाहते. तो आडोसा मात्र त्याच सोयीत गेला.

न्यायालयांना याची जाणीव आहे. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले, की कौटुंबिक प्रकरणांत पक्षकारांनी आग्रह धरला तर त्यांची वैयक्तिक माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध करू नये. फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये निकालपत्रातले नाव झाकण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 2017 च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला खरा. पण न्यायालयाच्या स्वतःच्या दप्तरापर्यंत तो कितपत पोहोचतो, याचा निवाडा व्हायचा आहे. तुम्ही या अभ्यासात अशा वेळी येत आहात की जमीन अजून ओली आहे. अभ्यासकाला याहून चांगला हंगाम मिळत नाही.

एक प्रसंग सांगते. मुलांच्या ताब्याविषयीचा उच्च न्यायालयाचा एक निकाल मी वर्गात वाटला होता, छापील, नावांसह. निकाल जाहीर होता आणि मी कोणताही नियम मोडला नव्हता. चर्चा रंगली, मुलांनी नवऱ्याच्या वागण्यावर ताशेरे ओढले, कोणीतरी बाईच्या आईवर विनोद केला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी काहीच बोलली नाही. तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "बाई, त्या माझ्या आत्याच्या सासूबाई." मग जरा थांबून, "म्हणजे त्या तशा नाहीत." मी आज ज्या शिस्तीने हा विषय शिकवते, तिची सुरुवात त्या दिवशी झाली. त्या संध्याकाळी मी काळी शाई घेऊन बसले आणि सगळ्या प्रतींतली नावे खोडली. मग लक्षात आले की नुसती नावे खोडून भागत नाही.

का, ते पाहा. समजा तुम्ही लिहिता, 'एका तालुक्याच्या गावातल्या नेत्रतज्ज्ञाला न्यायालयाने पोटगी द्यायला लावली; पत्नी शिक्षिका; मुलगी सातवीत.' नाव कुठेच नाही. पण तालुक्याच्या गावी डोळ्यांचा डॉक्टर एकच असतो. ओळख अशी तुकड्यातुकड्यांनी जुळते. एकाने गाव सांगितले, दुसऱ्याने व्यवसाय, तिसऱ्याने निकालाची तारीख, चौथा मोठ्या भाबडेपणाने विचारतो, 'ते स्टँडमागचे का?' यातल्या कोणीही एकट्याने काही उघड केले नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये लैंगिक अत्याचाराच्या पीडितांविषयी हेच बजावले होते : नावच नव्हे, दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील कोणत्याही माध्यमात देऊ नये, समाजमाध्यमांतही नाही. कौटुंबिक वादांना तो निकाल थेट लागू नसला तरी विचार करण्याची रीत तिथून उचलता येते. माझा अनुभव असा, की मुद्दा समजायला नेत्रतज्ज्ञ लागतच नाही. 'नवऱ्याचे उत्पन्न स्वतंत्र व्यवसायातून होते आणि त्याने ते कमी दाखवले' एवढ्याने कायद्याचा प्रश्न पूर्ण उभा राहतो. जे गाळले त्याची उणीव भासते ती फक्त कुतूहलाला.

ध्वनिमुद्रणांचा प्रश्न यातलाच, आणि सध्याचा सर्वांत तापलेला. जोडीदाराच्या नकळत मुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी ठरवले. बातमी पसरली ती 'आता रेकॉर्डिंग चालते' एवढ्याच स्वरूपात. चालते कुठे? न्यायाधीशासमोर, बंद खोलीत, उलटतपासाच्या कसोटीवर. तीच क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर गेली की तिथे ना उलटतपास, ना दुसऱ्या बाजूची कैफियत. समुपदेशकापुढे किंवा मध्यस्थीत बोललेले तर न्यायालयातही आणायचे नसते. ते बोलणे गुप्त राहील या भरवशावरच तिथे माणूस 'हो, माझे चुकले' असे म्हणू शकतो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, ही बाई झाकली मूठ सव्वा लाखाची असे सांगायला बसली आहे. तसे नाही. याच म्हणीखाली आपण घराघरातली मारहाण पिढ्यानपिढ्या झाकली. 'घरातले घरात ठेव' हे वाक्य मार खाणाऱ्या सुनेला सांगितले जाते, मारणाऱ्या मुलाला क्वचितच. न्यायालयेही कधी जास्त घट्ट दार लावतात. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर 2021 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांसाठी एक कार्यपद्धती घालून दिली : पक्षकारांची नावे न लिहिता अक्षरे लिहावीत, कागदपत्रांत ओळख पटेल असे काही नसावे. हे उत्तम होते. पण आदेशातला मजकूर परवानगीशिवाय माध्यमांना सांगायचा नाही, अशीही त्यात मनाई होती, आणि तिच्यावर टीका झाली ती रास्त होती. जिच्यावर अन्याय झाला तिलाच आपल्या बाजूने लागलेला निकाल सांगता येऊ नये, ही कसली राखण? आपली गोष्ट आपल्या नावाने सांगू पाहणाऱ्या बाईला हा विषय आडवा येत असेल, तर आपण तो उलटा शिकलो आहोत. मात्र तिने सांगितले म्हणून आपल्याला तिच्या मुलांविषयी, सासरच्या म्हाताऱ्यांविषयी, दिराच्या मोडलेल्या लग्नाविषयी बोलायची सनद मिळत नाही. एकाची संमती सगळ्या घराची नसते.

मुलांविषयी मी तडजोड मानत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम 74 मुलाचे नाव, पत्ता, शाळा उघड करायला मनाई करते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगते. पण ते आहे कायद्याशी संघर्षात आलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, आणि गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलांसाठी. आईबापांच्या ताब्याच्या वादात अडकलेले मूल या कोणत्याच खान्यात आपोआप बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाला होकार दिला, तेव्हा वैवाहिक प्रकरणे त्यातून वगळण्याचे सुचवले होते, ते बरे झाले. उरलेल्या जागेत कायदा नाही, फक्त लिहिणाऱ्याचा विवेक आहे. दहा वर्षांचा मुलगा आज 'माझे वडील माझे नाहीत का' हा प्रश्न घरी विचारण्याआधी फोनवर शोधू शकतो, आणि पितृत्वाच्या वादांचे आपल्याकडचे अग्रगण्य निकाल त्या-त्या कुटुंबाच्या आडनावाने ओळखले जातात. वकिलांच्या तोंडी ती आडनावे इतकी बसली आहेत की त्यामागे एक मूल वाढते आहे, हे आमच्या ध्यानातही येत नाही. या लेखात अशा एकाही निकालाचे नाव मी घेतलेले नाही. वाचकांना ते शोधता येईल, हे मला ठाऊक आहे.

नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी एक निकालपत्र घ्यावे. जुने, कोणत्याही उच्च न्यायालयाचे, पंधरा-वीस पानांचे असले तरी पुरे. ते दोनदा वाचावे आणि मग कायद्याचा प्रश्न पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहावा : नाव नाही, गाव नाही, व्यवसाय नाही, तारीख नाही. लिहिताना कुठे तपशिलावाचून अडते, ते समासात टिपून ठेवा. बहुतेक ठिकाणी अडत नाही. जिथे खरोखर अडते, तिथे कुटुंबाची आब आणि लोकांचा जाणण्याचा हक्क यांची गाठ पडलेली असते, आणि तुमचा अभ्यास तिथून सुरू होतो. त्यानंतर मिरजकर खटल्यातली दोन्ही मते घ्या. त्यांना वेळ लागेल, लागू द्या.

आणि मधे कंटाळा आला, तर रखमाबाईंच्या 1885 च्या पत्राकडे जा. मजकूर वाचण्याआधी तळाशी, सहीच्या जागी, काय लिहिले आहे ते पाहा.